सातबोडीचे नऊ दरवाजे

सातबोडी धरणावरच्या संगणकाबाबत मनिराम कोहळेचे तीन नियम होते. तो बंद करायचा नाही, त्यात नवं काही भरायचं नाही, आणि त्याच्याजवळ मोठ्याने बोलायचं नाही. तिसरा नियम गमतीचा होता, पण मनिराम तोही पाळायचा.

मनिराम गेट ऑपरेटर. अठ्ठावीस वर्षं याच धरणावर. २००८ साली संगणक बसवला तेव्हा नारळ त्यानेच फोडला होता. आता तो बनवणारी कंपनी उरली नव्हती, दुरुस्तीला येणारा तिचा माणूस वारला होता, आणि मूळ आज्ञावलीची जी चकती कपाटात होती तिला बुरशी लागली होती.

"हा जोवर चालते तोवर चालते, म्याडम," मनिराम म्हणायचा. "कसा चालते ते इचारू नका."

म्याडम म्हणजे यामिनी गेडेकर, धरणाची शाखा अभियंता. वय सदतीस. धरणाखाली अकरा किलोमीटरवर, सुरई नदीच्या काठी कोसंबीटोला नावाचं ढिवरांचं, म्हणजे मासेमारांचं, गाव आहे, तिथली ती. गावातली पहिली इंजिनियर. तिचा थोरला भाऊ श्रावण अजून नदीवरच जगत होता. पावसाळ्यात मासे, आणि पाणी ओसरलं की नदीच्या पात्रातल्या वाळूत टरबूज नि डांगराची वाडी.

धरणाला नऊ दरवाजे होते. प्रत्येक चाळीस फूट रुंद, लोखंडी, कमानीसारखा वाकलेला. वरच्या पुलावर प्रत्येकाची वेगळी मोटार. नियंत्रण कक्षातल्या एका लोखंडी पेटीत तळहाताएवढं कार्ड होतं. संगणक त्या कार्डाला सांगे, कार्ड मोटारींना सांगे आणि दरवाजे उठत किंवा बसत. तीन वर्षांपूर्वी राज्यातल्या सगळ्या धरणांचे आकडे मुख्यालयातल्या एका मोठ्या पडद्यावर दिसावेत असं ठरलं, आणि ठेकेदाराची दोन माणसं येऊन या संगणकाला इंटरनेटची निळी तार जोडून गेली. तारेतून आकडे बाहेर जाऊ लागले. तारेतून काही आतही येऊ शकतं असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी ते हसण्यावारी नेलं असतं. इतक्या जुन्या, विचित्र यंत्रात शिरायची तसदी घेणार कोण?

मग ‘उकल’ आली.

संगणकाची आज्ञावली माणूस शब्दांत लिहितो, पण यंत्रात जाताना तिचे नुसते आकडे होतात. त्या आकड्यांवरून मूळ शब्द मिळवायचे म्हणजे घोटलेल्या वरणातून डाळीचे दाणे वेचायचे. निष्णात माणसालाही एका यंत्रासाठी वर्ष लागे, आणि एवढं कंटाळवाणं काम वर्षभर कोणी करत नसे. त्यामुळे जगभरातली जुनी सरकारी यंत्रं एवढ्याच कारणाने सुरक्षित राहिली होती की त्यांच्यात कुणाला रस नव्हता. ‘उकल’ हा प्रोग्राम संशोधकांनी चांगल्या हेतूने बनवला होता, मूळ प्रत हरवलेली यंत्रं दुरुस्त करता यावीत म्हणून. तो आकडे वाचायचा, शब्द परत लिहायचा आणि कुठे भोक आहे ते बोट ठेवून दाखवायचा. त्याला कंटाळा येत नव्हता. चार महिन्यांत त्याच्या प्रती ज्याला हव्या त्याच्याकडे पोचल्या.

जानेवारीच्या अखेरीस परिपत्रक आलं. खात्यातल्या सर्व जुन्या यंत्रांची तपासणी करून घ्यावी. फेब्रुवारीच्या तिसऱ्या मंगळवारपर्यंत ज्यांची तपासणी पूर्ण होणार नाही, त्यांच्या इंटरनेटच्या तारा काढून टाकाव्यात.

मंगळवारला आठ दिवस उरले असताना, सोमवारी सकाळी, राज्याच्या तपासणी प्रयोगशाळेतून डॉ. नाझनीन काझी आल्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या. त्यांनी चहाला नको म्हटलं आणि प्लग कुठे आहे ते विचारलं. कार्डातल्या आकड्यांची एक प्रत त्यांनी आपल्या लॅपटॉपवर घेतली आणि ‘उकल’ सुरू केली. यामिनी नि मनिराम मागे उभे राहिले. चाळीस मिनिटं पडद्यावर ओळी वर सरकत राहिल्या.

"एकतीस," काझी म्हणाल्या.

"एकतीस काय?"

"भोकं. यातल्या कुठल्याही एकातून बाहेरच्या माणसाला आत येता येईल." लॅपटॉप जवळ ओढून त्यांनी काहीतरी दोनदा वाचलं. "कार्डावरची आज्ञावली शेवटची कधी बदलली होती?"

"कधीच नाही," यामिनी म्हणाली. "बसवली तशीच आहे."

"इथे मागच्या जूनमधली तारीख दिसतेय."

मनिरामने यामिनीकडे पाहिलं. खाली पाणी सांडव्याच्या भिंतीला लागून संथ हलत होतं. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता. फेब्रुवारीतही धरण शहाऐंशी टक्के भरलेलं होतं.

"म्हणजे कोणी आत आलं होतं?" यामिनीने विचारलं.

"आलं होतं. किंवा अजून आहे."

"काय हवंय त्याला?"

"तेच कळत नाही. घरात शिरलेला चोर काहीतरी उचलून नेतो, मग निदान कळतं तरी. हा आठ महिने नुसता बसून आहे."

यामिनी टेबलाकडे वळली. "मी तार काढून टाकते."

"नाही," काझी पटकन म्हणाल्या. "कशालाही हात लावू नका. त्याने आत काय लिहून ठेवलंय ते आधी मला वाचू द्या. मुद्दाम विस्कटून लिहिलंय, ‘उकल’लाही दोन-तीन दिवस लागतील. गुरुवारी मी फोन करते." जिन्यापाशी जाऊन त्या परत वळल्या. "आणि एक करा. पडद्यावर दिसतं ते खरं धरू नका. डोळ्यांनी बघा."

त्या दिवसापासून यामिनीला त्या खोलीत बसवेना. पडद्यावर नऊ हिरवे चौकोन होते, नऊ दरवाजे बंद असल्याची खूण. ती दर अर्ध्या तासाने मनिरामला पुलावर पाठवायची. तो जाऊन यायचा, नऊही बंद आहेत म्हणायचा, आणि तरी थोड्या वेळाने ती स्वतः जाऊन कठड्यावरून वाकून बघायची. आपण एकट्या नाही, खोलीत आपल्याखेरीज आणखी कोणीतरी आहे आणि ते आपल्याकडे बघतंय, असं तिला सारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, ती कोसंबीटोल्याला गेली. पात्रात शंभर-दीडशे पावलं रुंद वाळू पसरली होती, तिच्यात ओळीने खड्डे, खड्ड्यांत वेल, आणि अधूनमधून कुडाच्या झोपड्या. जानेवारी ते मे अर्धं गाव इथेच राहायचं. श्रावण वेलांना मडक्याने पाणी घालत होता. त्याने बहिणीला पाहिलं, पण मडकं खाली ठेवलं नाही.

"नोटीस आणली का?"

दरवर्षी खात्याकडून पात्र रिकामं करण्याची नोटीस निघायची आणि चार वर्षांपासून तिच्यावर यामिनीची सही असायची. दरवर्षी गाव ती घडी करून खोपटात खोचायचं. पण पहिल्या वर्षी ती सही पाहिल्यापासून श्रावण तिच्या घरी जेवायला आला नव्हता.

"नोटीस नाही, दादा. मीच आली. आठ दिवस पात्रात नका राहू. सगळ्यायलेच सांग. वर जा."

"कावून?"

"सांगता येत नाही."

"मंग जाताही येत नाही." त्याने मडकं पुन्हा भरलं. "फुलं धरली आता. आठ दिवस पाणी नाही घातलं तं वाडी गेली. फेब्रुवारीत कोणतं पाणी सोडता तुम्ही?"

तपासणीची माहिती बाहेर सांगू नये, असा लेखी आदेश होता. आणि सांगायचं तरी काय? धरणात कोणीतरी बसलंय, तो कोण ते माहीत नाही, काय करील ते माहीत नाही? श्रावणची बायको सुलका झोपडीतून पाण्याचा गिलास घेऊन आली आणि नणंदेच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. एवढंच. यामिनी पाणी पिऊन परतली.

बुधवारी दुपारी साडेबाराला ती पुलावर होती. आभाळ निळंभोर, ढगाचा ठिपका नाही. चार नंबरच्या दरवाजाखाली, कोरड्या सिमेंटवर तिला पाण्याची एक चकाकती रेघ दिसली. रेघ जाड झाली. दरवाजा इंचभर उठला होता. ती धावत कक्षात आली. पडद्यावर नऊ हिरवे चौकोन.

"म्याडम, बसला," मनिराम पुलावरून ओरडला. "खाली बसला परत."

तिने काझींना फोन लावला. लागला नाही. कार्यकारी अभियंता पाथोडे साहेबांना लावला. ते बैठकीत होते. मनिराम पुन्हा ओरडला, आवाज वेगळा होता. चार नंबर पुन्हा उठत होता. या वेळी दोन इंच, तीन इंच. नऊही चौकोन हिरवेच.

यामिनीने नंतर कितीदा तरी तो क्षण आठवून पाहिला. आपण विचार केला होता का? तिला काहीच आठवायचं नाही. फक्त पडद्यावरचा तो खोटा हिरवा रंग, आणि तो तारेतून येणारा कोणीतरी. ती टेबलाखाली वाकली, निळी तार धरली आणि उपटली.

चार नंबर थांबला. मग सावकाश खाली बसला. मनिराम आत आला, त्याने तिच्या हातातली तार पाहिली आणि पाणी आणून दिलं. यामिनी खुर्चीत बसली. सोमवारपासून पहिल्यांदा तिला ती खोली रिकामी वाटली.

दहा मिनिटांनी पुलावरून घुं असा आवाज सुरू झाला. एका मोटारीचा नव्हता तो. नऊ मोटारी एकदम चालू झाल्या होत्या.

ती आणि मनिराम दोघं दारात पोचेपर्यंत नऊही दरवाजांखालून पाणी पांढरं होऊन बाहेर पडत होतं. पायाखालचा पूल थरथरत होता. नियमाप्रमाणे दरवाजा उठायच्या आधी भोंगा वाजायला हवा, पण भोंग्याची तारही त्याच संगणकातून जात होती. भोंगा गप्प होता.

यामिनीने मुख्य वीजपुरवठ्याचा खटका खाली ओढला. दिवे गेले, पडदा विझला, मोटारी थांबल्या. वीज गेली की मोटारीचे ब्रेक आपोआप घट्ट बसतात आणि दरवाजा असेल तिथे अडकून राहतो. आता नुसता पाण्याचा आवाज होता. मनिरामने कपाळावरचा घाम पुसला. मग धरणाच्या दुसऱ्या टोकाकडून, सहाशे मीटरवरून, डिझेल जनरेटर खोकल्यासारखा एकदा वाजला आणि चालू झाला. पुरात वीज गेली तरी दरवाजे उघडता यावेत म्हणून ती सोय होती. वीज गेल्यावर बारा सेकंदांनी तो स्वतःच सुरू होत असे. मोटारी पुन्हा घुमू लागल्या.

"मी जातो!" मनिराम म्हणाला आणि मोपेडकडे धावला. सत्तावन्न वर्षांचा, गुडघे दुखणारा माणूस, पण त्याने ती उतारावर ढकलूनच चालू केली.

यामिनीने श्रावणला फोन लावला. वाजला, त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा त्याने कापला. तिने सुलकाला लावला.

"वहिनी, पाणी सुटलं. पात्रातून निघा. सगळ्यायले हाका मारा. आत्ता."

"अवं पर ऊन तं..."

"वहिनी!"

"कोणी सोडलं?" सुलकाने विचारलं.

यामिनीला वाटलं, आता खरं बोलले नाही तर ही हलणार नाही. "मी," ती म्हणाली. "माह्या हातून सुटलं. पाणी पाऊण तासात तुमच्यापाशी येते. पळा."

मग सुलकाची किंचाळी ऐकू आली, श्रावणच्या नावाने.

यामिनीने तहसीलला, पोलिसांना, वाटेतल्या तीन गावांच्या सरपंचांना फोन केले. प्रत्येकजण आधी आभाळाकडे पाहत असावा, कारण प्रत्येकाने एकच गोष्ट विचारली. पाऊस कुठे आहे? दरवाजे उठू लागल्यापासून बाविसाव्या मिनिटाला जनरेटर बंद पडला. जनरेटरच्या खोलीचं कुलूप फोडून मनिरामने डिझेलची नळीच कापली होती. दरवाजे सहा फुटांवर अडकले. पण अडकलेल्या दरवाजांखालून पाणी जातच होतं. ते खाली घ्यायला वीज हवी, आणि वीज आली की कार्ड पुन्हा जागं होणार. मग दोघांनी पुलावर एकेका मोटारीपाशी जाऊन हाताने चालवायचा खटका फिरवला; तो फिरवला की मोटार कार्डाचं ऐकत नाही. त्या खटक्यांना संगणक आल्यापासून कुणी हात लावला नव्हता. गंजाने ते बसले होते. तीन नंबरचा खटका फिरवताना मनिरामच्या तळव्याचं सालटं निघालं. नऊही फिरवून झाल्यावर त्यांनी नळीला रबराची पट्टी आवळून जनरेटर पुन्हा लावला आणि एकेक दरवाजा खाली घेतला. शेवटचा बसला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

कोसंबीटोल्याला पाणी पोचलं ते दीडच्या सुमाराला. आधी वाळूवरून सळसळत आलं, घोट्याएवढं, पुढे ढकललेला काडीकचरा घेऊन. दोन मिनिटांत छातीला लागलं. वाड्या, झोपड्या, मडकी, मासेमारीचे डोंगे, सगळं घेऊन गेलं. त्रेसष्ट माणसं काठावर उभी होती. गावातली म्हातारी भिवरा मावशी आधी वर आली होती, पण खुंट्याला बांधलेली शेळी सोडायला परत खाली उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोन कोसांवर एका बाभळीच्या बुंध्यापाशी सापडली.

गुरुवारी काझी स्वतःच आल्या. डोळे सुजलेले होते. त्यांनी लॅपटॉप उघडून यामिनीला सात ओळी दाखवल्या.

"हा त्याचा पहारेकरी. बाहेरचा संबंध दहा मिनिटं तुटला, तर सगळे दरवाजे पूर्ण उघड. त्याला कोणी हुसकावून लावू नये म्हणून ठेवलेला."

"आणि चार नंबर?"

"आपलं ऐकतंय का अजून, ते तो बघत असावा."

यामिनीने खाली मान घातली. "तुम्ही सांगितलं होतं. हात लावू नका म्हणून."

"सांगितलं होतं," काझी म्हणाल्या. त्यांनी लॅपटॉप मिटला. "पण मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही, आणि खोटा दोषही देणार नाही. या सात ओळी मला काल संध्याकाळी सापडल्या, तुमचे दरवाजे उघडल्यावर, काय शोधायचं ते कळल्यावर. नाहीतर आज सकाळी मीच फोन करून म्हणाले असते, तार काढा."

त्यांनी एक यादी काढली. हेच कार्ड त्याच वर्षी राज्यातल्या बेचाळीस धरणांवर बसवलं होतं. सातबोडी सोडून एक्केचाळीस. आणि परिपत्रकाप्रमाणे येत्या मंगळवारपर्यंत त्या एक्केचाळीस ठिकाणी कोणीतरी अभियंता टेबलाखाली वाकून निळी तार काढणार होता.

"तुमचा अहवाल?"

"वरच्या समितीपुढे जाईल. समिती बुधवारी बसते."

दुपारी पाथोडे साहेब आले. ते यामिनीशी कधी वाईट वागले नव्हते. दार लावून घेऊन ते समोर बसले.

"ब्रेक निकामी झाले, असं लिहा," ते म्हणाले. "यांत्रिक बिघाड. तुमचं नाव कुठे येणार नाही."

"सर, बाकीच्या धरणांवर मंगळवारी..."

"मी वर बोलतो. तोंडी. पण कागदावर आलं, तर उद्या पेपरात येईल. बेचाळीस नद्यांच्या काठची माणसं घाबरून घरं सोडतील, यामिनी. पळापळीत माणसं मरतात. त्यांना काय सांगाल? तुमच्या डोक्यावर कोणीतरी बसलाय आणि आम्हाला तो दिसत नाही? आणि तुमच्या गावाला काय सांगाल?"

साहेब पूर्ण चुकीचं बोलत नव्हते, हेच तिला जास्त जड गेलं.

संध्याकाळी श्रावण तिच्या क्वार्टरवर आला. चार वर्षांनी. आत येऊन भिंतीला टेकून बसला. अंगावर दुसऱ्या कोणाचा तरी शर्ट होता.

"सुलकानं फक्त मलेच सांगितलं," तो म्हणाला. "तू फोनवर काय म्हणाली ते. बाकी कोणाले माहीत नाही. तू बी बोलू नको. भिवरा मावशीचा पोरगा आसाराम रागीट हाय. गाव तुले परत घेणार नाही."

"दादा, तू माहा फोन कावून कापला?"

त्याने तोंडावरून हात फिरवला. थोड्या वेळाने तिने त्याला भात वाढला, आणि दोघांनी खाल्ला.

तो गेल्यावर तिने राज्यातल्या धरणांच्या शाखा अभियंत्यांच्या गटावर मजकूर लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी असा राहिला. ‘मी सातबोडीची यामिनी गेडेकर. इंटरनेटची तार काढू नका. मी काढली. दहा मिनिटांनी नऊही दरवाजे आपोआप उघडले. एक बाई गेली. आधी प्रत्येक मोटारीचा खटका हातावर घ्या, तो फिरतो का बघा, जनरेटरपाशी माणूस उभा करा. तोवर कशालाच हात लावू नका.’ मजकूर पाठवून तिने फोन उलटा ठेवला.

शुक्रवारी सकाळपर्यंत एकोणचाळीस जणांची उत्तरं आली. काहींनी नुसतं ‘समजलं’ लिहिलं. एकाने लिहिलं होतं की तार त्याच्या हातात होती. दहा वाजता तिच्या निलंबनाचा आदेश आला. दोन धरणांवरून मात्र काहीच उत्तर नव्हतं. तिथले फोनही उचलले जात नव्हते. काझी त्यातल्या एका धरणाकडे गाडीने निघाल्या होत्या. दुसरं होतं कन्हाळा नदीवरचं.

शनिवारी भिवरा मावशीचा तिसरा दिवस होता. आसारामच्या अंगणात गाव बसलं होतं. यामिनी सगळ्यांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि सुरुवातीपासून सांगत गेली. ‘उकल’ काय असते, काझींनी काय सांगितलं होतं, चार नंबर कसा उठला, आपण तार कशी ओढली, आणि कन्हाळ्यावरच्या धरणातून अजून उत्तर कसं नाही. मावशीच्या सुनेने पदर तोंडात कोंबला. कोणीतरी मागून शिवी दिली. श्रावण उठून बहिणीच्या आणि लोकांच्या मधोमध उभा राहिला.

आसाराम जमिनीकडे बघत होता.

"तो सापडला का?" त्याने विचारलं. "आत बसला तो?"

"नाही."

"आन् बाकीच्या धरणायच्या तारा?"

"जोडूनच हायेत. हाताचे खटके बऱ्याच ठिकाणी गंजले, फिरत नाहीत. तिथं तारा काढल्या तं उघडतात. ठेवल्या तं तो आत राहाते. नवीन कार्ड लावाले सहा महिने लागतात. तोवर रोज माणसं उभी करून ठेवावी लागन."

"म्हणजे आजही उघडू शकते."

"हो."

हात उगारून उठेल असं वाटलेला आसाराम तसाच बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती, आणि ती यामिनीला रागापेक्षा जास्त असह्य झाली. मग सुलका घाईने पुढे आली. तिचं माहेर कन्हाळा नदीवरचं. तिचा भाऊ, भावजय, तिथली सगळी वस्ती या दिवसांत पात्रातच असायची.

श्रावणने फोन लावला. सुलकाच्या भावजयीने उचलला. तो सांगू लागला, वर या, सामान राहू द्या, पोरं घ्या आणि वर या. तिकडून काहीतरी विचारलं गेलं. त्याने फोन यामिनीपुढे धरला.

"तूच सांग," तो म्हणाला. "माह्यावर नाही तं तुह्यावर तरी इश्वास ठेवन."

यामिनीने फोन कानाला लावला. पलीकडे वाऱ्याचा आवाज होता, कुणाचं तरी तान्हं रडत होतं. तिने सांगितलं. कोण आहे ते सांगितलं, काय केलं ते सांगितलं, काय झालं ते सांगितलं. ऐकून झाल्यावर बाईने एकच विचारलं.

"आमच्यापाशी किती वेळ हाय?"

"सुटलं तं अर्धा तास," यामिनी म्हणाली. "कधी सुटन ते मले माहीत नाही, बाई. कोणालेच माहीत नाही."

बाईने फोन बंद केला नाही. तो तिने वाळूवर कुठेतरी ठेवला असावा. अंगणात श्रावण, सुलका, आसाराम सगळे जवळ सरकून ऐकू लागले. पलीकडे ती बाई पात्रातल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन हाका मारत होती. लखमा. पारबता. धोंडू. रुखमी. प्रत्येक नावानंतर ती थांबायची, ओ येईपर्यंत, आणि मग पुढचं नाव घ्यायची.